इतर उत्पन्न

१ एप्रिल १९९४
आजपासून रोजनिशी. डायरी यार्नच्या, म्हणजे सुताच्या, एका पार्टीने जानेवारीतच दिली होती, पण तीन महिन्यांची पानं मुद्दाम कोरी ठेवली. बँकेचं वर्ष आज सुरू होतं. बँकवाल्याचंही आजच सुरू व्हायला पाहिजे.

संकल्प: तंबाखूचा मावा बंद. पहाटे उठणे. घरात आवाज चढवायचा नाही. पुढच्या मार्चपर्यंत मॅनेजर. मागच्या वर्षी प्रमोशन हुकलं, कारण इंटरव्ह्यूत 'तुमच्यातला एक दोष सांगा' असं विचारलं आणि मला आठवेना. खरं बोललं की असं होतं.

सुरतच्या एका सहकारी बँकेच्या भेस्तान शाखेत मी अकाउंटंट, म्हणजे मॅनेजरच्या खालोखाल. तसं पाहिलं तर शाखा मीच चालवतो. जरीवालासाहेब फक्त केबिनमध्ये बसतात. हे रंजनाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग केबिनमधला पंखा कोणाच्या डोक्यावर फिरतो? बायकोला ऑफिसातलं सांगू नये, हाही संकल्प.

२ एप्रिल
पहाटे उठलो नाही. पहाटे उठायचं आहे या विचाराने झोपच लागली नाही.

११ एप्रिल
हेड ऑफिसचं सर्क्युलर. ज्या कर्जाचे हप्ते थकले, त्याचं व्याज हातात पडेपर्यंत उत्पन्नात धरायचं नाही. आजवर आम्ही व्याज लावायचो आणि लावलं की कमावलं असं समजायचो. सगळे समजायचे. आता आमच्या निम्म्या पार्ट्यांचे लूम (यंत्रमाग) बंद, म्हणजे निम्मं व्याज गेलं. जरीवालासाहेबांनी आकडेमोड केली आणि चहा अर्धा टाकून घरी गेले. शाखा तोट्यात जाणार.

मी सर्क्युलर घरी आणलं. दोनदा वाचलं. त्यात 'व्याज' हा शब्द पावलोपावली आहे. 'फी' हा शब्द एकदाही नाही.

१३ एप्रिल
सुचलं. व्याजासाठी कर्जदार पाहिजे, त्याने फेडलं पाहिजे. फीसाठी फक्त खातं पाहिजे. खाती आमच्याकडे ढिगाने आहेत. भेस्तान-पांडेसऱ्यातला निम्मा खानदेश आमच्याकडे खातं ठेवतो.

तक्ता केला. खात्यात अडीचशेच्या खाली शिल्लक राहिली तर तिमाहीला पंधरा रुपये. चेकबुक दहा. नवीन पासबुक दहा. सही पडताळणी पाच. चेक परत गेला तर पंचवीस. हे सगळं नफा-तोटा पत्रकाच्या जोडपत्रकात 'इतर उत्पन्न' म्हणून जातं. मला हे नाव आवडत नाही. इतर का? पुढेमागे तेच मुख्य होईल.

साहेबांना दाखवलं. त्यांनी हेड ऑफिसात कापडियासाहेबांना फोन केला. कापडियासाहेब म्हणाले, आकडा चांगला दिसला पाहिजे. हीच मंजुरी समजायची असं साहेब म्हणाले.

आनंदात एक मावा खाल्ला. एकच.

२ मे
सूचना लावली. गुजरातीत आणि इंग्रजीत, ठळक अक्षरात. रंजनाने विचारलं, तुमच्याकडे येणारे लोक अहिराणी बोलतात, नाहीतर उडिया. वाचणार कोण? मी सांगितलं की सूचना लावणं बँकेचं काम, वाचणं ग्राहकाचं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

१८ जून
आजचा दिवस लॉकरचा. लॉकरवाल्यांना ऑफर दिली: तीन वर्षांचं भाडं एकदम भरा, दहा टक्के सूट. शेठ मंडळींनी रांग लावली. तिन्ही वर्षांचं भाडं आजच उत्पन्नात धरलं. साहेबांना शंका आली की पुढच्या दोन वर्षांचं भाडं पुढच्या दोन वर्षांत नको का धरायला? मी विचारलं, पैसे कधी आले? आज. मग उत्पन्न कधीचं? आजचं. म्हणजे पुढची दोन वर्षं लॉकरचं उत्पन्न शून्य, हे मला माहीत आहे. पण तोवर मी दुसऱ्या शाखेत मॅनेजर असेन. तो प्रश्न इथल्या अकाउंटंटचा.

३० जून
तिमाही. पहिल्यांदाच फी लागली. अडचण एवढीच की ज्यांच्याकडे अडीचशे नाहीत, त्यातल्या बऱ्याच जणांकडे पंधराही नाहीत. 'येणे फी' नावाचं नवीन खातं काढलं. नावे येणे फी, जमा उत्पन्न. पैसा आला नसला तरी उत्पन्न आलं. साहेब म्हणाले, हे त्या व्याजासारखंच नाही का होत? मी सर्क्युलर पुढे केलं. फी शब्द दाखवा म्हटलं. त्यांना सापडला नाही.

९ जुलै
उखाभाऊ आला. रंजनाचा थोरला भाऊ. इथेच भेस्तानला लूमवर असतो, दोन्ही पाळ्या करतो. त्याची गायत्री बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला धुळ्याला नर्सिंग करायचं आहे, प्रवेश डिसेंबरात, पैसे तेव्हा भरायचे. आमच्या दोन्ही खानदानांत मुलगी घराबाहेर राहून शिकणार, ही पहिलीच. रंजना त्या पोरीला स्वतःचा स्वेटर द्यायला निघाली होती, जुलैत.

उखा म्हणाला, पैसे रोख नेऊन भरतो. मी त्याला चांगलं झापलं. जग चेकवर चाललं आहे. आजच त्याचं चेकबुक काढून दिलं. पहिल्यांदा तर तो चेकबुकाला हात लावायच्या आधी हात पुसून आला. मेव्हण्याच्या हातून प्रगती होते म्हणतात ती अशी.

(चेकबुक फी दहा. नंतर खात्यातून जाईल.)

२३ सप्टेंबर
प्लेग. परवा कुजबुज होती, काल पेपरात होतं, आज सगळं सुरत स्टेशनवर. तोंडाला रुमाल बांधून कामाला गेलो. शटर उघडायच्या आधी रस्त्यापर्यंत रांग. सगळ्यांना सगळे पैसे पाहिजेत. खोकला आला की माणूस रांगेतून बाजूला व्हायचा आणि मग रांगेत परत घेत नव्हते.

जरीवालासाहेब अर्जंट कामासाठी मुंबईला गेले. शाखा माझ्या ताब्यात. आज मी मॅनेजर. दुपारी थोडा वेळ केबिनमध्ये बसलो. पंखा आवाज करतो.

उखा आला. बायको कमल आणि गायत्रीला घेऊन आजच गावी निघतो म्हणाला, रंजनाला आणि पोरांनाही नेतो. खात्यात किती ठेवू असं विचारलं. मी म्हटलं, पाच रुपये ठेव, खातं जिवंत राहतं. त्याने ठेवले.

२४ सप्टेंबर
रंजना आणि मुलं काल गेली. मी कर्तव्यासाठी मागे राहिलो. कुणीतरी राहायलाच पाहिजे.

(बॅग घेऊन उधना स्टेशनला गेलो होतो हे खरं आहे, पण ते त्यांना सोडायला. डब्यात चढायचा प्रयत्नही केला, पण ते जागा आहे का बघायला.)

३० सप्टेंबर
सहामाही. शाखेत मी, कॅशिअर आणि प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनची पाकिटं. बाहेर कुत्रंसुद्धा नाही. लेजर उघडून बसलो आणि एकेका पानावर बघतो तर शिल्लक पाच, शिल्लक दोन, शिल्लक सात. सगळं गाव अडीचशेच्या खाली!

सगळ्यांना फी लावली. हात दुखला. कॅशिअर म्हणाला, लोक जीव वाचवायला पळाले आहेत, ही तिमाही सोडून द्या. मी त्याला समजावलं की नियमाला प्लेग होत नाही. उत्पन्नाची बेरीज केली तर शाखेच्या इतिहासात असा आकडा नाही. कोणी ग्राहक नसताना एवढं उत्पन्न! रिकाम्या हॉलमध्ये एकट्यानेच टाळी वाजवली. कॅशिअरने चमकून बघितलं.

१७ ऑक्टोबर
गाव परत भरायला लागलं. रंजना परत आली. मुलं मला ओळखतात.

हेड ऑफिसचं पत्र. भेस्तान शाखेची सहामाही उत्तम. जरीवालासाहेबांचं प्रमोशन, हेड ऑफिसात बदली. पत्रात 'आणि त्यांचा स्टाफ' असे शब्द आहेत. स्टाफ म्हणजे मी. साहेब जाताना म्हणाले, वाल्मिकभाई, तुमचं नाव वर सांगून ठेवलंय. कुठे वर ते विचारायचं राहून गेलं.

नवीन मॅनेजर येईपर्यंत चार्ज माझ्याकडे.

२९ ऑक्टोबर
दिवाळी बोनस. लूमच्या कारखान्यांनी या वर्षी बोनस खात्यात टाकला. मी वाटच बघत होतो. बोनस पडला की थकलेली फी आपोआप वसूल. येणे फी निम्म्यावर आली. ही माझी सगळ्यात सुंदर कल्पना, हे लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

दुपारी हॉलमध्ये गलका. हातात पासबुकं, सगळे एकदम बोलत होते. मी खुर्चीवर उभा राहून उत्पन्न कधी धरायचं हे समजावून सांगायला सुरुवात केली. हिंदीत. मग गुजरातीत. एका म्हाताऱ्या बाईने, धुरपदाबाई नाव, पासबुक माझ्या पुढ्यात धरून शांतपणे विचारलं, "साहेब, मी गावी होते तेव्हा बँकेने माझं काय काम केलं?" मी म्हटलं, खातं सांभाळलं. तिने विचारलं, त्यात काय होतं सांभाळायला?

तिचं अर्थशास्त्र कच्चं आहे.

१५ डिसेंबर
क्लिअरिंगमध्ये चेक भरपूर परत. परतीच्या वीस-पंचवीस मेमोंवर झरझर सह्या केल्या, नावं बघत बसायला वेळ कुठे. पंचवीस गुणिले सगळे. दिवस चांगला गेला.

१७ डिसेंबर
रंजना संध्याकाळी भावाकडे जाऊन आली. चप्पलही न काढता दारात उभी राहिली. म्हणाली, गायत्रीच्या कॉलेजचा चेक परत गेला.

मी म्हटलं, काहीतरी चूक असेल, उद्या लेजर बघतो.

१८ डिसेंबर
लेजर बघितलं. चूक नाही. पंधरा शिल्लक फी, दहा चेकबुक. उखाने बोनस आणि साठवलेलं मिळून बरोबर मोजून चेक लिहिला होता. तेवढेच पंचवीस रुपये कमी पडले. एवढे तर ऑफिसर स्वतःच्या अधिकारात पास करतो. ऑफिसर मीच. परतीच्या मेमोवर सहीही माझी. वर चेक परतीचे पंचवीस त्याच्या खात्याला लागलेले.

नियम सगळ्यांना सारखा. मेव्हण्यासाठी वेगळा केला असता तर लोक काय म्हणाले असते? हे रंजनाला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला माहीत असतं तर केला असता का? मी म्हटलं, अर्थात. मग ती म्हणाली, "म्हणजे बाकीच्यांच्या पोरी कोणाच्याच नाहीत."

मुद्दा भरकटवायची तिची जुनी सवय आहे.

२२ डिसेंबर
कॉलेजला बँकेच्या लेटरहेडवर पत्र पाठवलं. कडक इंग्रजीत. रोख पैसे घेऊन उखाही तिकडे गेला.

४ जानेवारी १९९५
उखा परत आला. चेक परत आल्यावर कॉलेजने सीट वेटिंगवरच्या मुलीला दिली. माझं पत्र तिथे टेबलावर पडलेलं त्याने पाहिलं, फोडलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

मी गायत्रीला म्हटलं, एक वर्ष म्हणजे काय, इंग्रजी सुधार. ती कमलबरोबर साड्यांवर खडे चिकटवायला बसते आता. मान हलवली, वर बघितलं नाही. डिंकाचा वास फार येत होता, मी जास्त थांबलो नाही.

रंजना माझ्याशी बोलते. 'जेवण झाकून ठेवलंय' एवढंच. पण बोलते.

१४ मार्च
नवीन गोष्ट सुरू झाली आहे. लोक खाती बंद करायला येतात. रोज. कारखान्यांनी पगारही परत रोखीने द्यायला सुरुवात केली, कामगारांनी मागणी केली म्हणे. मी घाबरलो नाही. खातं बंद करण्याची फी लावली, पंचवीस. आठवडाभर त्या फीचं उत्पन्न इतकं चांगलं आलं की वाटलं, हेही एक क्षेत्रच आहे.

आज उखाने बंद केलं. मी काउंटरवर होतो. त्याने स्लिप सरकवली, मी पैसे मोजून दिले, फी कापून. त्याने पुन्हा मोजले नाहीत. तो नेहमी मोजतो.

३१ मार्च
वार्षिक क्लोजिंग. कागदावर शाखा नफ्यात. मी ज्या दिवशी कामाला लागलो त्या दिवसापासूनचा सगळ्यात मोठा आकडा. मावा पूर्ण बंद आजपासून, नवीन वर्ष म्हणून.

८ मे
ऑडिट. हेतल वखारिया नावाच्या सीए बाई, तरुण, आवाज बारीक. मी मनात म्हटलं, सोपं जाईल. दुपारपर्यंत त्यांनी 'येणे फी' काढलं.

त्यांनी विचारलं, "हे पैसे आले?"
मी म्हटलं, येतील.
"ही खाती तर बंद झालीत."
मी म्हटलं, तरी बँकेचा हक्क आहे.
"हक्क तुमच्याकडे ठेवा. उत्पन्नात नको."

मग लॉकर. तीन वर्षांचं भाडं तर तीन वर्षांत एकेक तुकडा धरायचा, बाकीचं आगाऊ म्हणून दायित्वात ठेवायचं, असं म्हणाल्या. बँकेने अजून दोन वर्षं त्या लोकांचा लॉकर सांभाळायचा आहे ना, मग ते काम अजून झालेलं नाही. काम झाल्यावर उत्पन्न. मी सर्क्युलर काढलं आणि फी शब्द दाखवा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चहा नको म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत नफ्याचा तोटा झाला. तोटाही शाखेच्या इतिहासातला पहिल्या नंबरचा.

२० मे
कापडियासाहेबांचा फोन. ही फी कोणाच्या मंजुरीने लावली? मी म्हटलं, आपल्या. ते म्हणाले, लेखी दाखवा. जरीवालासाहेबांना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते. नंतरही होते. मीटिंगचं मोठं काम असतं हेड ऑफिसात.

२ जुलै
हेड ऑफिसने विचारलं आहे की फी उत्पन्नात कशी धरली जाते हे हिशोबाच्या टिपणांत जाहीर करायचं आहे, एक ओळ लिहून द्या. सात पानं लिहिली. धोरण, इतिहास, दृष्टी. रंजनाला वाचून दाखवायला बोलावलं. ती भावाकडे होती. आजकाल असते.

१६ ऑगस्ट
वार्षिक अहवाल आला. माझी सात पानं नाहीत. पण जोडपत्रकात एक टीप आहे: 'एका शाखेने प्रत्यक्ष वसूल न झालेली सेवा-फी व मुदतीआधीचे लॉकर भाडे उत्पन्नात धरले होते, ते उलटवण्यात आले आहे.' एका शाखेने! एवढ्या शाखांत एकाच शाखेची दखल घेतली. पेन्सिलने खूण करून ठेवली.

प्रमोशनच्या यादीत नाव नाही. टायपिंगची चूक असू शकते. चौकशी केली. नाही.

४ सप्टेंबर
सभासदांच्या सभेत धुरपदाबाई उभी राहिली म्हणे. मागे बरेच जण. ठराव झाला: प्लेगच्या तिमाहीची फी ज्यांनी भरली त्यांना परत. परत करायची जबाबदारी माझ्यावर, खास. मी याकडे विश्वास म्हणून बघतो. सर्क्युलर आलं आहे: रक्कम पे-ऑर्डरने, म्हणजे बँकेच्याच चेकने, द्यावी, पे-ऑर्डर कमिशन प्रचलित दराने कापून.

प्रचलित दर दहा रुपये. फी पंधरा. हातात पाच. पण तत्त्व महत्त्वाचं.

१८ सप्टेंबर
आज भेस्तानच्या सोसायटीत टेबल मांडलं. बॅनर लावला, या वेळी मराठीतही. पे-ऑर्डरचं पुस्तक, शिक्का, नावांचे गठ्ठे. सकाळी बसायच्या आधीच सगळ्या पे-ऑर्डरचं कमिशन एकदम उत्पन्नात धरून टाकलं, म्हणजे दिवसभर मोकळं मन. लोक तर येणारच होते. स्वतःचे पैसे परत घ्यायला कोण येत नाही?

दुपारपर्यंत कोणी नाही. लोक लांबून बघत जात होते. धुरपदाबाई पाणी भरून समोरून दोनदा गेली, हंडा सावरत. मी हात केला. तिने रस्ता बदलला.

चार वाजता उखा पहिली पाळी संपवून आला. कपड्यांवर सुताचे बारीक तंतू. टेबलासमोर उभा राहिला. मला बरं वाटलं. घरचा माणूस आला की बाकीचे येतात. मी त्याचं नाव काढलं, पेन उघडलं, म्हटलं, बस. तो बसला नाही. पे-ऑर्डरच्या पुस्तकाकडे बघत होता.

मग विचारलं, "दाजी, या पैसा परत लेवानी फी कितली शे?"

रागाने नाही. खरंच विचारत होता. खिशात हातही घातला होता त्याने, द्यायला.

मी म्हटलं, फी नाही, कमिशन आहे. त्याने मान हलवली आणि गेला. त्याच्यामागे गल्लीत जे दोन-तीन जण थांबले होते, तेही गेले.

सहाला टेबल आवरलं. एकही पे-ऑर्डर फाटली नाही. शाखेत येऊन सकाळी धरलेलं कमिशन उलटवलं. व्हाउचर लिहिलं मीच, तपासलं मीच, सही मीच केली. नंतर घरी गेलो. रंजना नव्हती. जेवण झाकून ठेवलेलं नव्हतं.